गोधडीला पहिलं पाणी

वाघदरा, जि. हिंगोली
९ जानेवारी २०२४

चि. पंचशीलास,
तुळसामावशीचा जय भीम.

मुलगा झाल्याचं उदयरावांनी शेजारच्या फोनवर कळवलं. माझा उजवा कान कधीचाच गेला, डावा अर्धा उरलाय. त्यामुळं 'मुलगा झाला' हे त्यांना चार वेळा सांगावं लागलं आणि माझ्याआधी सगळ्या गल्लीला कळलं. म्हणून इथून पुढं जे कळवायचं ते पत्रानंच कळव. तिशी उलटल्यावर साक्षरतेच्या वर्गात जाऊन मी अक्षरं गिरवली, ती काय नुसती सही करण्यापुरती नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं अशी रीत. तुझी आई गेल्यापासून तुझं माहेर म्हणजे मी. पण तुझ्या सासूबाईंनी नको म्हटलं. वाघदऱ्याला दवाखाना नाही असं कारण त्यांनी दिलं. कारण खरं आहे, म्हणून मी वाद घातला नाही. आणखी एखादं कारण असेल तर ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही खोदून विचारलं नाही.

सोबत बाळाला गोधडी पाठवतेय. वरचं अबोली कापड तुझ्या आईच्या साडीचं. तुझं लग्न ठरलं तेव्हापासून ती ट्रंकेत जपली होती. डांबर गोळ्या घालताना हात आखडला नाही. कसर, झुरळ, उंदीर कुणाला म्हणून जवळ फिरकू दिलं नाही. शिवून झाल्यावरही पंधरा दिवस पुन्हा ट्रंकेतच ठेवली. गावातले लोक पांघरायला माझ्याकडून गोधड्या शिवून नेतात, माझ्या टाक्याला नाव ठेवायची कुणाची टाप नाही. पण बाळासाठी म्हणून आजवर एकानंही नेली नाही. का, ते तुला अर्धंमुर्धं माहीत आहे. ही माझी पहिली बाळगोधडी.

एक ध्यानात ठेव. वापरायच्या आधी धुवायची नाही. आमची आई म्हणायची, गोधडीला पहिलं पाणी बाळाचंच. ते भिजवील तेव्हाच धुवायची, तोवर नाही.

महिनाअखेरीस मी येतेच.
तुझी मावशी,
तुळसाबाई

*

हाटकेश, मीरा रोड (पूर्व)
२४ जानेवारी २०२४

ती. मावशीस,
जय भीम.

गोधडी मिळाली. फार मऊ आहे. आईची साडी मी बघताक्षणी ओळखली.

बाळाची तब्येत जरा नरम आहे. दवाखान्यात ठेवलंय, तपासण्या चालू आहेत. काळजीचं कारण नाही. तू येणार होतीस ते सध्या राहू दे. आमचं घर लहान, त्यात माणसांची ये-जा, तुझीच गैरसोय होईल. बरं वाटलं की मीच बोलावीन. गोधडी कपाटात नीट ठेवली आहे.

तुझी,
पंचशीला

*

वाघदरा
२ फेब्रुवारी २०२४

चि. पंचशीलास,

तुझं एवढंसं पत्र मी दोन दिवस वाचतेय. आठ वर्षांची असल्यापासून तुला मी वाढवलं. तू खोटं बोलताना 'काळजीचं कारण नाही' असं म्हणतेस हे मला तेव्हापासून ठाऊक आहे.

'सध्या राहू दे' हे शब्द मी चाळीस वर्षं ऐकतेय. कुणाच्या घरी बाळंतीण असली की, तुळसाबाई, सध्या राहू द्या. नामकरण असलं की, तुळसाबाई, तुम्ही मागून जेवायला या. गावाचं मला काही वाटेनासं झालं होतं. तुझ्या अक्षरात वाचलं आणि वाटलं.

अर्धंमुर्धं माहीत आहे तर आता पूर्ण ऐक. मला दोन मुलगे झाले. पहिला एकवीस दिवसांचा होऊन गेला, दुसरा सव्वीस दिवसांचा. दोघंही जन्मले तेव्हा धडधाकट होते, रडले की वेशीपर्यंत आवाज जायचा. मग पिवळे पडले. लघवी कोऱ्या चहासारखी व्हायला लागली, अंगावर ओढेनासे झाले आणि तीन दिवसांत संपले. नाव ठेवायच्या आधीच गेले. तुळसा मुलगे खाते, असं लोक म्हणू लागले. माझ्या नवऱ्यानं, दशरथनं, ते खरं मानलं आणि दुसरीकडे लग्न लावून घेतलं.

त्यानंतर पाच वर्षांनी तुझ्या वेळेला तुझ्या आईचे दिवस भरत आले. आमची आई तोवर वारलेली. सगळे तिला म्हणाले, तुळसाच्या घरी बाळंतपणाला जाऊ नको. ती म्हणाली, मला माझी बहीणच पाहिजे. तू माझ्या घरात जन्मलीस, तुला माझ्याच ट्रंकेतल्या कापडात गुंडाळलं आणि तू जगलीस. तर लोक म्हणाले, मुलगी म्हणून वाचली.

थंडीच्या दिवसांत बाळाची गोधडी कपाटात कशाला ठेवतेस? लेकरू आहे की गेलं ते एका ओळीत लिही. माझ्या हाताचा गुण लागला असं तुलाही वाटत असेल तर तेही लिही. तोंडावर बोललेलं मला सोसतं. पाठीमागं बोललेलं मी पुष्कळ ऐकलंय, ते आता तुझ्याकडून नको.

तुळसाबाई

*

हाटकेश, मीरा रोड
११ फेब्रुवारी २०२४

ती. मावशीस,

बाळ आहे. घरी आलंय, दूध पितंय, आत्ता माझ्या मांडीवर झोपलंय आणि मी उशीवर वही ठेवून लिहितेय.

मी तुला खोटं लिहिलं. तुझ्या हाताबद्दल मनात काही आलं म्हणून नव्हे. खरं सांगितलं तर तू कोसळशील म्हणून. पण तू विचारलंच आहेस, आणि तू मला वाढवताना कधी साखरेत घोळून काही सांगितलं नाहीस, तर मीही सरळच सांगते. बाळाला जे झालं ते गोधडीनं झालं. तुझ्या हातानं नाही. गोधडीत मुरलेल्या डांबर गोळ्यांनी.

मोरव्याच्या आशाबाई रोज सकाळी बाळाला तेल लावायला येतात. अंग रगडून झालं की तेल जिरावं म्हणून बाळाला तसंच उघडं गोधडीत गुंडाळून ठेवायच्या. तू सांगितल्याप्रमाणे मी गोधडी धुतली नव्हती. पाचव्या दिवशी बाळाचे डोळे पिवळे दिसले आणि लंगोटावर चहा सांडल्यासारखा डाग. आम्ही तसेच रिक्षात बसून दवाखान्यात गेलो. रक्ताचा नमुना आमच्याच लॅबमध्ये तपासायला गेला, जिथं मी कामाला आहे. माझ्या जागेवर सध्या रुचिता आहे. रक्ताची नळी यंत्रात फिरवली की वर पिवळसर पाणी सुटतं. बाळाच्या नळीत ते लाल सुटलं. तिनं मला फोन केला आणि एवढंच म्हणाली, ताई, पेशी फुटतायत. मावशी, रोज चाळीस-पन्नास लोकांच्या लिव्हरचे रिपोर्ट माझ्या हाताखालून जातात. तरी त्या क्षणी मला एक अक्षर आठवेना.

डॉक्टर सारखे विचारत होते, घरात नवीन काय आणलं? नवं औषध, नवी पावडर? मी नाही नाही म्हणत होते. आशाबाई बाळाला बघायला आल्या होत्या, त्या दारातूनच बोलल्या. "नवा कसा न्हाय? गोधरी आली ना. तिला डांबर गोल्यांचा वास हाय, माजे हाताला पन लागतंय."

वास मलाही यायचा गं. पण मला तो तुझ्या ट्रंकेचा वास वाटायचा, माहेरचा. मी उलट त्यात नाक खुपसून बसायचे.

आता कसं झालं ते सांगते. तू मला पाढे समजावून द्यायचीस तसं मी समजावते. आपल्या शरीरात रोज काही ना काही विषारी जातं: खाण्यातून, औषधातून, श्वासातून. ते निकामी करायला शरीरात एन्झाइमं असतात. शाळेच्या पुस्तकात त्यांना विकरं म्हणायचे. डोळ्यांना दिसत नाहीत, पण राबतात. त्यातली पुष्कळशी यकृतात असतात. आलेल्या विषाला धरायचं, मोडायचं, पाण्यात विरघळेल असं करायचं आणि लघवीवाटे बाहेर काढायचं हे त्यांचं काम. पण हे एका दमात होत नाही. गिरणीत आख्ख्या मिरचीपेक्षा दळताना उडणारी पूड जास्त झोंबते ना, तसंच डांबर गोळीचं आहे. यकृत तिला मोडायला घेतं तेव्हा मधल्या पायरीवर जे तयार होतं ते मूळ गोळीपेक्षा जहाल असतं. त्याचा मारा रक्तातल्या लाल पेशींवर होतो. तो परतवायला त्या पेशींच्या आत आणखी एक एन्झाइम लागतं, जी-सिक्स-पीडी नावाचं. तुझ्या-माझ्यासारख्यांचं त्यावर निभावतं. आपल्या बाळात ते नावापुरतंच आहे. म्हणून पेशी फुटल्या. फुटलेल्या पेशींतून पिवळं द्रव्य निघालं, तेही यकृतानंच निस्तरायचं, आणि तीन आठवड्यांच्या बाळाचं यकृत अजून कामाला पुरतं लागलेलं नसतं. त्यात अंगाला तेल. तेलातून गोळीचा अंश कातडीत लवकर शिरतो.

रक्त चढवलं. चार दिवस बाळाला डोळ्यांवर पट्टी बांधून निळ्या दिव्याखाली ठेवलं. रक्त चढवण्याआधीच्या नमुन्यात ते एन्झाइम अगदी कमी निघालं. एप्रिलमध्ये पुन्हा तपासायचं आहे, पण डॉक्टरांना शंका नाही. ते म्हणाले, काही औषधं टाळायची, डांबर गोळ्या घरात आणायच्या नाहीत, बाकी पोरगा शंभर वर्षं जगेल.

आता माझं ऐक. हे एन्झाइम कमी असणं आईकडून मुलाकडे येतं. मुलीकडे आईचा आणि बापाचा असे दोन साठे असतात, एक फसला तर दुसरा सांभाळतो. मुलाकडे फक्त आईचा. मला ते माझ्या आईकडून आलं असणार, आणि तिला तुमच्या आईकडून. म्हणजे तुझ्याकडेही असेल.

पिवळे डोळे. कोऱ्या चहासारखी लघवी. तीन दिवस. तुझं पत्र वाचलं आणि मला माझ्याच बाळाचा केसपेपर वाचल्यासारखं झालं. ती ट्रंक घरात कधी आली, मावशी? आणि तुझ्या दोघांना कशात गुंडाळलं होतं?

तुझी,
पंचशीला

*

हाटकेश, मीरा रोड
६ मार्च २०२४

ती. मावशीस,

पत्र मिळाल्याचं तरी कळव. शेजारच्या फोनवर तू जेवतेस, रानात जातेस एवढं कळलं. रागावली असशील तर रागाचं लिही. मी ते पत्र लिहायला नको होतं असं मला रात्रंदिवस वाटतं, आणि परत लिहायची वेळ आली तर मी तेच लिहीन.

पंचशीला

*

वाघदरा
१५ मार्च २०२४

चि. पंचशीलास,

रागावले नव्हते. हातात पेन धरवत नव्हतं.

ट्रंक दशरथची. तो हिंगोलीला कापडाच्या दुकानात कामाला होता. लग्नानंतरच्या पहिल्याच पगारात ट्रंक घेतली आणि दुकानातून ओंजळ ओंजळ डांबर गोळ्या आणून तिच्यात टाकायचा. नवं कापड लेकराला टोचतं, म्हणून दोन्ही वेळा माझ्या सासूनं ट्रंकेतली जुनी मऊ धोतरं काढून दिली. दोन्ही लेकरं थंडीतली. मी करडईच्या तेलानं त्यांना चोळायची आणि हवा लागू नये म्हणून घट्ट गुंडाळायची. पहिला पिवळा पडला तेव्हा मी आणखी घट्ट गुंडाळला, पंचशीला. तो थरथरत होता, मला वाटलं थंडी वाजतेय.

पहिला आठवडा मला एवढंच कळत होतं की गाव खरं बोलत होतं, मीच मारलं. गोधडीची सुई बघवत नव्हती.

मग एक दिवस ज्वारी काढता काढता डोक्यात आलं. गाव काय म्हणत होतं? तुळसाचे पाय. तुळसाची नजर. ट्रंक कुणी म्हटलं होतं का? गोळी कुणी म्हटलं होतं? गोळ्या दशरथनं आणल्या, धोतर सासूनं काढलं, गुंडाळलं मी. तिघांनाही लेकरू जगायलाच पाहिजे होतं आणि तिघांनाही काही माहीत नव्हतं. मग चाळीस वर्षं शिक्षा मी एकटीनं का भोगली? दशरथला पुढं तीन मुलं झाली, त्याच्या नजरेला कुणी काही म्हटलं नाही.

मला माहीत नव्हतं, हा माझा गुन्हा नाही. आता माहीत झाल्यावर गप्प बसले तर तो गुन्हा होईल. दोन लेकरांसाठी मी पुन्हा एकदा रडले, पोट भरून रडले. पण मान खाली घालून नाही रडले. आधी घालायची.

ट्रंक रिकामी केली. गोळ्या लेकराबाळांच्या, जनावरांच्या हाताला लागणार नाहीत अशा लांब पडीकात खोल पुरल्या. मग महिपतच्या किराणा दुकानावर गेले. तो बरणीतून सुट्ट्या गोळ्या विकतो. त्याला म्हटलं, गोळ्या देताना घरात तान्हं आहे का एवढं विचारत जा. तो हसला. म्हणाला, तुळसाबाई, तुमच्या तोंडून लेकराबाळांची काळजी शोभत नाही. दुकानात पाच-सहा माणसं होती.

तू मला डॉक्टरच्या सहीशिक्क्याचा कागद पाठव. त्यावर सगळं मराठीत लिहून घे. माझ्या बोलण्याला या गावात किंमत नाही, शिक्क्याला आहे. आणि ते नाव मोठ्या अक्षरात लिहून पाठव. जी, मग सहा, मग पीडी. मी पाठ करतेय.

तुळसामावशी

*

हाटकेश, मीरा रोड
२४ मार्च २०२४

ती. मावशीस,
जय भीम.

सोबत कागद. आमच्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी स्वतः मराठीत लिहून दिला. मी तुझी हकीकत त्यांना सांगितली. त्या म्हणाल्या, चाळीस वर्षांपूर्वीचं मी छातीठोक सांगू शकत नाही, पण तुम्ही सांगताय ते सगळं जुळतंय. हेही त्यांनी कागदावर लिहिलंय. माझंही रक्त तपासलं. तो साठा माझ्याकडे अर्धाच आहे. म्हणजे आपण दोघी एकाच पंक्तीतल्या.

आता घरातलं सांगते, कारण तुझ्यापासून काही लपवायचं नाही असं मी ठरवलंय. परवा जेवताना सासूबाई म्हणाल्या, आमच्या घराण्यात असलं काही नव्हतं, हे त्यांच्याकडच्या रक्तातलं. आणि नामकरणाला मावशींना नको बोलवायला, लोक विचारतील. सासरे खाली बघून भात कालवत राहिले. उदय काहीतरी बोलणार होता, पण मीच बोलले.

मी म्हटलं, "आई, नाक तुमच्याकडचं, रंग तुमच्याकडचा, आणि खोट तेवढी माझ्याकडची? बाळ आख्खं माझंही आहे. मावशीला नको म्हणत असाल तर नामकरणच नको. शाळेत घालेपर्यंत त्याला बाळ म्हणेन."

मावशी, मी सासूबाईंना सात वर्षांत उलट उत्तर दिलं नव्हतं. पण त्या दिवशी शब्द सगळे बाहेर आले. उदय म्हणाला, पंचशीला म्हणते तसंच होईल. मग सासूबाई उठून गॅलरीत जाऊन बसल्या.

रविवारी, २८ एप्रिलला नामकरण आहे, इथल्या विहारात. उदयला बहीण नाही, तेव्हा आत्याचा मान कुणाला हा प्रश्नच नाही. बाळाच्या कानात नाव तू सांगायचं. आणि येताना नवी गोधडी शिवून आणायची. पहिली मी उकळत्या पाण्यात टाकून आठ दिवस उन्हात वाळवली, पण ती आता बाळाच्या अंगावर घालायची नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय. ती मी पांघरते.

तुझी,
पंचशीला

*

वाघदरा
४ एप्रिल २०२४

चि. पंचशीलास,

कागद पोचला. त्याच्या पाच झेरॉक्स काढल्या. एक विहाराच्या फळ्यावर लावली, एक अंगणवाडीत, एक महिपतच्या बरणीवर मी स्वतः भाताच्या शितांनी चिकटवली. तो काढायला गेला तेव्हा म्हटलं, काढ, मी उद्या परत चिकटवीन, माझ्याकडे वेळच वेळ आहे. कागद अजून तिथंच आहे.

विहाराच्या फळ्यापाशी बायका जमल्या होत्या. एकीनं वाचून दाखवलं. माझ्याच वयाची एक बाई, नाव लिहीत नाही, दुसऱ्या लेकराच्या वेळी तिनंच पहिल्यांदा 'मुलगे खाते' म्हटलं होतं. ती कागद संपेपर्यंत थांबली आणि घरी गेली. माफी मागायला आली नाही. मी वाटही बघत नाही.

नामकरणाला येते. गोधडी मात्र शिवणार नाही, असं लिहायला बसले होते. काल सुई हातात घेतली आणि हात असा कापायला लागला की दोरा ओवता येईना. हे तुला सांगायला मला लाज वाटत नाही.

पण न शिवता आले तर त्या घरात मी रिकाम्या हातानं येणार, आणि रिकाम्या हाताकडे लोक जास्त बघतात. म्हणून एक कर. माझ्या ट्रंकेतलं कापड या गोधडीला नको. विहीणबाईंना विचार, त्यांची एखादी जुनी, अंगावर विरलेली साडी देतील का. देणार नाहीत असं वाटत असेल तरी विचार. नाही म्हणायचं असेल तर तेही त्यांनी स्पष्ट म्हणावं.

तुळसामावशी

*

हाटकेश, मीरा रोड
१२ एप्रिल २०२४

ती. मावशीस,

तुझं पत्र मी सासूबाईंना वाचून दाखवलं नाही. त्यांच्या हातात दिलं. त्या ते घेऊन आत गेल्या. आज सकाळी बघते तर गॅलरीतल्या दोरीवर त्यांची जांभळी सुती साडी वाळत होती. म्हणाल्या, दोनदा धुतली आहे, साबणाचा वाससुद्धा राहिलेला नाही, हुंगून बघ. मग साडीची घडी करता करता म्हणाल्या, त्यांनी दोन लेकरं पुरली आणि मी त्यांनाच नको म्हटलं.

साडी सोबत पाठवतेय. बाळाचं रक्त परत तपासलं. रिपोर्ट तोच आहे, आणि बाळ हसायला लागलंय.

पंचशीला

*

वाघदरा
६ मे २०२४

चि. पंचशीलास,
जय भीम.

सुखरूप पोचले. तुम्ही सगळ्यांनी मला घोडबंदरच्या फाट्यावर बसमध्ये बसवून दिलं ते ठीक, पण विहीणबाईंनी दिलेली डाळ-तांदळाची पिशवी पुढं मलाच उचलावी लागली. त्यांना सांग, पुढच्या वेळी हमालही द्या.

विहारात नामकरण चालू होतं तेव्हा माझं सगळं लक्ष रोशनच्या मांड्यांकडे होतं. कसल्या भरल्यात. त्याच्या अंगावर जांभळी गोधडी होती. ती मी तीन वेळा धुऊन आणली होती, उन्हात कडकडीत वाळवून, आत कडुलिंबाचं पानसुद्धा न घालता. आमच्या आईची रीत मी मोडली. गोधडीला पहिलं पाणी आडाचं लागलं. आई असती तर रागावली असती, मग मी तिला कागद वाचून दाखवला असता.

इथली गोष्ट सांगते. काल महिपतची सून घरी आली. सहावा महिना आहे. उंबऱ्याच्या आत आली, बसली, पाणी प्याली. आधी म्हणाली, आमच्याकडे आता डांबर गोळ्या विकत नाहीत. मग पदराआडून दोन जुन्या साड्या काढल्या आणि म्हणाली, माझ्या बाळाला गोधडी शिवून द्याल का. सासऱ्यांना विचारलं का, मी म्हटलं. ती म्हणाली, बाळ माझं आहे. मी साड्या ठेवून घेतल्या. आज सकाळी उकळत्या पाण्यात टाकल्यात. दोरा पहिल्या खेपेला ओवला गेला.

आता एक राहिलं. मी रोशनच्या कानाशी एवढा वेळ काय बोलत होते, असं तू जेवताना विचारलंस. मी ऐकू न आल्यासारखं केलं. मला ऐकू आलं होतं.

माझे दोघं नाव ठेवायच्या आधी गेले हे तुला लिहिलं होतं. पण नावं मी दोघांचीही पोटात असतानाच ठरवली होती. कुणाला सांगितली नव्हती. ते गेल्यावर तर बोलायची सोयच उरली नाही, मुलगे खाणारीनं नावं कशाला घ्यायची. चाळीस वर्षं मी ती जिभेवर येऊ दिली नाहीत.

त्या दिवशी मी तीन नावं सांगितली. आधी म्हटलं, मिलिंद. मग म्हटलं, राष्ट्रपाल. हे तुझे मामा, बाळा, यांचं आणि तुझं रक्त एक आहे, आणि त्यात खोट नाही, फक्त एक जागा जपायला लागते. मग रोशन म्हटलं, आणि टाळ्या वाजल्या.

विहीणबाईंनी विचारलं तर त्यांना सांग. नाही विचारलं तरी सांग.

तुझी मावशी,
मिलिंद आणि राष्ट्रपालची आई,
तुळसाबाई